टास्मानियाची यादी निम्मी का केली

मेलबर्न

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठविलेला टास्मानिया बेटाचा नकाशा मिळाला. त्यावर लाल पेन्सिलीने आखलेला मार्ग, बाजूला मोजपट्टीने मोजून लिहिलेली अंतरे आणि तळाशी 'सहा दिवसांत सहज होईल' हा तुमचा शेरा पाहून अनिकेत म्हणाला, की अभियंता निवृत्त झाला तरी अंदाजपत्रक काढण्याची त्याची सवय काही निवृत्त होत नाही. आपल्या प्रवासात पाहायच्या ठिकाणांची तुमची यादी मी आधी मान्य केली, मग दोन संध्याकाळी तिच्याकडे नीट पाहिले आणि शेवटी ती निम्मी केली. कारणे सांगितल्याशिवाय तुम्ही खोडलेली ओळ मान्य करीत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

टास्मानिया आकाराने आपल्या कोकणच्या दुपटीहून थोडे मोठे, म्हणजे सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर आहे, आणि लोकवस्ती जेमतेम साडेपाच लाखांच्या वर. एवढ्या माहितीवर कोणीही म्हणेल, की मोकळे रस्ते आहेत, गाडी हाकावी आणि बेट पालथे घालावे. परंतु बेटाचे जवळजवळ दोन पंचमांश क्षेत्र राखीव आहे आणि नैऋत्येचा सारा कोपरा असा आहे, की तेथे आरपार जाणारा रस्ताच नाही. तुम्ही स्ट्रॅथगॉर्डनच्या धरणापासून पश्चिम किनाऱ्यावरील स्ट्रॉन या बंदरापर्यंत जी सरळ रेघ ओढली आहे, ती नकाशावर नव्वद किलोमीटरही भरत नाही, आणि गॉर्डन नदीचे पाणी खरोखरच त्या दिशेने वाहत जाऊन स्ट्रॉनच्या खाडीला मिळते. माणसाला मात्र त्या नदीकाठाने जाता येत नाही. धरणावर रस्ता संपतो. तेथून उलट पूर्वेकडे यावे लागते, मग उत्तरेकडे वळून लायल हायवे गाठावा लागतो, आणि त्यात सबंध दिवस मोडतो. स्ट्रॉन ते बेटाची राजधानी होबार्ट हे अंतर तीनशे किलोमीटर आहे. कोठेही न थांबता साडेचार ते पाच तास लागतात, आणि तेथे कोठेही न थांबणे हा करंटेपणा ठरेल. म्हणून मी तुमच्या नकाशावरील किलोमीटर खोडून त्यांच्या जागी तास लिहिले आहेत. हिशेब तेथेच बदलला.

दुसरे कारण हवेचे. हे बेट दक्षिण गोलार्धात ४० अंशांच्या खाली येते, आणि शाळेच्या भूगोलात आपण ज्यांना 'गरजणारे चाळीस' म्हणत होतो ते पश्चिमी वारे मध्ये कोठेही जमिनीला न अडता येऊन त्याच्या पश्चिम डोंगरांवर आदळतात. आई, चिपळूणला छत्री मिटत नाही तेव्हा तुझ्या माहेरी फलटणला लोक कोरड्या ढगांकडे पाहत असतात. नेमके तेच या बेटावर घडते. पश्चिमेकडील क्वीन्सटाउनला वर्षाकाठी सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि होबार्टला केवळ ६०० च्या आसपास. म्हणून आपण पश्चिम बाजू आधी घ्यायची, अंगात उत्साह आणि हाताशी वेळ असताना; तेथे प्रत्येक मुक्कामाला दोन रात्री ठेवायच्या, म्हणजे एक दिवस पावसात गेला तरी दुसरा उरतो. पूर्व किनारा स्वभावाने सौम्य आहे. तो शेवटी ठेवला तर थकलेल्या अंगालाही मानवेल.

काळाबद्दल आपले बोलणे झाले होते. शिमगा सोडून तुम्ही निघणार नाही आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत बाबांना बागेत परत असायचे आहे, तेव्हा पालखी देवळात परतली की निघावे आणि ईस्टरच्या सुट्ट्या लागण्यापूर्वी आपला फेरा पूर्ण व्हावा, असे मी धरले आहे. येथील एका ओळखीच्या बाईंनी एप्रिलअखेरीस जाण्याचा आग्रह केला, कारण तेव्हा क्रेडल माउंटनच्या उतारांवर फेगस नावाची ठेंगणी झाडे पिवळी, केशरी आणि लाल होतात. थंड हवामानात वाढणारे आणि हिवाळ्यात पानगळ होणारे ऑस्ट्रेलियाचे ते एकमेव देशी झाड आहे आणि ते केवळ याच बेटावर वाढते. मोह मलाही झाला. पण एप्रिलच्या पहिल्या रविवारी येथील घड्याळे तासभर मागे जातात, आणि एप्रिलअखेरीस होबार्टचा सूर्य सायंकाळी साडेपाचच्या आधीच मावळतो. मार्चच्या उत्तरार्धात तो सव्वासातच्या सुमारास मावळतो. हे दोन तास मला फेगसच्या रंगांपेक्षा अधिक मोलाचे वाटतात, आणि त्याचे कारण सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्या प्रवासाचा सर्वांत कडक नियम त्यावर उभा आहे: सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही.

टास्मानियातील बहुतेक वन्य प्राणी निशाचर आहेत. वॉलबी म्हणजे लहान कांगारू, तिच्याहून ठेंगणे पॅडेमेलन, वॉम्बॅट, पॉसम, क्वोल आणि टास्मानियन डेव्हिल हे सारे तिन्हीसांजेला चरायला आणि शिकारीला बाहेर पडतात, आणि रस्त्याकडेचे कोवळे गवत त्यांना नेमके डांबरापाशी आणते. आम्ही पूर्वी तेथे गेलो होतो तेव्हा सकाळच्या रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांची संख्या पाहून मी पहिल्या तासानंतर खिडकीतून बाहेर पाहणे सोडून दिले होते. वॉम्बॅट वीस-पंचवीस किलोचा, बुटका आणि घट्ट बांध्याचा असतो. तो चाकाखाली आला तर त्याचे जे होईल ते होईलच, पण गाडीचेही धड राहत नाही. डेव्हिलचे दुःख आणखी वेगळे आहे. तो मेलेले खाणारा प्राणी आहे, म्हणून एका धडकेत मेलेली वॉलबी खायला तो रस्त्यावर येतो आणि पुढच्या गाडीखाली स्वतः मरतो. त्यामुळे येथील जाणती माणसे मेलेला प्राणी दिसला तर सुरक्षित जागी गाडी थांबवून तो रस्त्यापासून दूर ओढून ठेवतात, आणि मादी असेल तर तिच्या पोटपिशवीत जिवंत पिल्लू आहे का तेही पाहतात. मुख्य भूमीवरून डेव्हिल सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच नाहीसा झाला; टास्मानियात १९९६ साली त्यांच्यात चेहऱ्यावरचा एक कर्करोग प्रथम आढळला, जो चाव्यातून एकापासून दुसऱ्याला होतो, आणि त्याने त्यांची संख्या फार मोठ्या प्रमाणात घटविली. अशा वेळी आपल्या घाईपायी आणखी एक कमी व्हावा असे मला वाटत नाही. टास्मानियन वाघ म्हणून ओळखला जाणारा थायलसीन याच बेटावर होता. शेवटचा ज्ञात प्राणी ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. हे सारे ओमला आतापासूनच पाठ आहे आणि 'साडेसहाला गाडी बंद' ही घोषणा तो दिवसातून चार वेळा करतो.

आता गाडीविषयी. विमानाने जाऊन तेथे गाडी भाड्याने घेण्याचा पर्याय आम्ही तपासला. पण भाड्याच्या करारांत कच्च्या रस्त्यावरील नुकसान विम्याबाहेर ठेवण्याचा प्रकार सर्रास आढळतो, आणि पाच माणसांचे सामान आणि आईचा डबा यांचा विचार करता आपली गाडीच जहाजावर चढवून नेणे बरे. जहाज मेलबर्नपासून पाऊण-एक तासावरील जिलाँगहून सुटते; पूर्वी ते थेट मेलबर्नच्या बंदरातून सुटत असे, २०२२ पासून जिलाँगला गेले. रात्री निघून ते बास सामुद्रधुनी ओलांडते आणि सकाळी डेव्हनपोर्टला लागते. ही सामुद्रधुनी सुमारे २४० किलोमीटर रुंद आणि अगदी उथळ आहे. हिमयुगात तेथे जमीन होती आणि माणसे चालत टास्मानियात गेली. उथळपणामुळे वारा सुटला की लाटा उंच आणि जवळजवळ येतात. म्हणून आराम खुर्च्यांऐवजी बिछान्याची खोली घेणार आहे, आणि तुम्हा दोघांना खालचे बिछाने. एकदा जहाज सुटले की गाडीपर्यंत जाता येत नाही. तेव्हा औषधे, शाल आणि दात घासण्याचे सामान एका वेगळ्या पिशवीत हवे.

आई, एक गोष्ट तुला रुचणार नाही, म्हणून आधीच लिहिते. टास्मानियात फळमाशी आणि पिकांचे इतर रोग शिरू नयेत म्हणून ताजी फळे, भाज्या आणि झाडपाला नेण्यास मनाई आहे. बंदरावर गाड्या तपासतात आणि वास घेणारे कुत्रेही असतात. म्हणजे ताजा कढीपत्ता नाही, ओली हळद नाही, वाटेत खायला केळी नाहीत, ओमच्या डब्यातले सफरचंदसुद्धा नाही. पीठ, डाळ, तांदूळ, मेतकूट आणि तुझे भाजलेले पोहे खुशाल घेऊ. भाजी आणि फळे डेव्हनपोर्टला उतरल्यावर घेता येतील, आणि मार्च हा तेथे सफरचंदांचा हंगाम असल्यामुळे त्यात तुझे नुकसान काही होणार नाही. भारतातून येथे येताना मात्र विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर कर. कुळथाचे पीठ घरचे आहे म्हणून त्यात काय लिहायचे, असे म्हणू नकोस.

डेव्हनपोर्टहून क्रेडल माउंटन दीड तासाच्या आत येते, त्यामुळे पहिल्या दिवशी जहाजाचा शीण घेऊन लांब जाण्याची गरज नाही. हा डोंगर १,५४५ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडा ठेंगणाच. पण डव्ह लेकच्या काठावरून त्याची करवतीसारखी शिखरे अंगावर येतात. दिवसा तेथपर्यंत खासगी गाड्या सोडत नाहीत. पर्यटक केंद्रापाशी गाडी लावून उद्यानाच्या बसने जावे लागते, आणि मला ही व्यवस्था फार आवडते. तळ्याभोवती सहा किलोमीटरांची वाट आहे. बाबा, ती तुम्ही, अनिकेत आणि ओम यांनी करावी. आई आणि मी रॉनी क्रीकच्या फळ्यांच्या वाटेवर बसून वॉम्बॅट पाहू. दुपार कलली की ते तेथे गवतात उघड्यावर चरत असतात, आणि त्यांची विष्ठा चौकोनी असते हे ओमने सांगितले तर ते खरे आहे. मार्चमध्येही तेथे क्वचित बर्फ पडते, तेव्हा लोकरी टोपी आणि पावसाचे चांगले जाकीट दोन्ही हवे. छत्रीचा त्या वाऱ्यात काही उपयोग नाही.

तेथून दोन तासांवर स्ट्रॉन. खरे सांगायचे तर सबंध प्रवासात माझे मन या गावावर आहे. ते मॅक्वॉरी हार्बर नावाच्या प्रचंड खाडीवर वसले आहे आणि या खाडीचे समुद्राकडील तोंड फार अरुंद आहे. त्याला 'नरकाचे दरवाजे' असे नाव आहे. आत सारा आयलंड नावाच्या छोट्या बेटावर १८२२ ते १८३३ या काळात इंग्रजांचा बंदिवास होता. पुन्हा गुन्हा करणाऱ्या आणि पळून जाणाऱ्या कैद्यांना तेथे पाठवीत. या कैद्यांकडून ह्यूऑन पाइनच्या लाकडाची जहाजे बांधून घेत. वसाहत बंद होत असताना उरलेल्यांपैकी दहा जणांनी शेवटचे जहाज पळविले आणि ते थेट चिलीपर्यंत घेऊन गेले. ह्यूऑन पाइन वर्षाला मिलिमीटरभर जाड होतो आणि दोन हजार वर्षांहून अधिक जगतो. त्याच्या तेलामुळे लाकूड पाण्यात कुजत नाही आणि कापले की गोड वास सुटतो. नावेतून गॉर्डन नदीच्या मुखातून आत गेले की दोन्ही तीरांवर हे अरण्य पाण्यापर्यंत उतरलेले दिसते, आणि वारा नसेल तर काळसर पाण्यात त्याचे प्रतिबिंब इतके स्वच्छ पडते की काठ कोठला आणि पाणी कोठले ते कळत नाही.

बाबा, हे अरण्य तुम्ही पाहावे असे मला वाटते याचे कारण ते आज पाण्याखाली गेलेले असते, पण वाचले. गॉर्डनवर, फ्रँकलिन नदीच्या संगमाखाली, वीजनिर्मितीसाठी आणखी एक धरण बांधण्याचे ठरले होते. डिसेंबर १९८२ मध्ये लोकांनी नावा आडव्या घालून काम रोखायला सुरुवात केली. स्ट्रॉन हे त्या आंदोलनाचे ठाणे होते, आणि बाराशेंहून अधिक माणसांना अटक झाली. त्याच वेळी हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला. पुढे केंद्रात सरकार बदलले, प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या 'हाय कोर्टात', म्हणजे तेथील सर्वोच्च न्यायालयात, गेले आणि १ जुलै १९८३ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने धरण थांबले. एका न्यायमूर्तीचे मत फिरले असते तर आपण कोणत्या नावेत बसलो असतो, याचा विचार मी तेथे केल्याशिवाय राहणार नाही.

स्ट्रॉनहून निघाल्यावर क्वीन्सटाउन लागते. तांबे वितळविण्याच्या भट्ट्यांसाठी तोडलेली झाडे आणि भट्ट्यांतून निघालेला गंधकाचा धूर यांनी तेथील टेकड्या उघड्याबोडक्या करून टाकल्या, आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्या पुरत्या झाकल्या गेलेल्या नाहीत. तेथून वर चढणारा रस्ता नव्याण्णव वळणांचा म्हणून प्रसिद्ध आहे. ओमला गाडी लागते, तेव्हा त्या सकाळी त्याला हलका नाश्ता आणि पुढची जागा. पेट्रोलची टाकी क्वीन्सटाउनलाच भरून घ्यायची, कारण त्यापुढे डर्वेंट ब्रिजपर्यंत केवळ अरण्य आहे आणि मोबाइलही बराच काळ मुका असतो. वाटेत फ्रँकलिन नदीवरचा पूल लागतो आणि तेथे पंधरा-वीस मिनिटांची सोपी वाट आहे. त्यापुढे टॅरालिया येते: १९३८ साली सुरू झालेले वीजगृह, आणि डोंगरावरून त्याच्याकडे उतरणारे पोलादी नळ रस्त्यावरून स्पष्ट दिसतात. तुमच्या यादीत हे नव्हते. मी ते घातले आहे. कोयना प्रकल्पाच्या अलोऱ्याच्या वसाहतीत वाढलेल्या मुलीला असे नळ दिसले की गाडी थांबवावीशी वाटणारच.

होबार्टला आपण अधिक दिवस राहू आणि तेथूनच ये-जा करू. तुमच्या यादीतील बहुतेक कात्री येथे लागली आहे. स्टॅन्लेचा नट हा कातळ बेटाच्या पार वायव्य टोकाला आहे, तो वगळला. ब्रूनी बेट वगळले, कारण पुन्हा फेरीबोट आणि पुन्हा रांग. रस्त्याचे दक्षिण टोक म्हणून तुम्ही कॉकल क्रीक लिहिले होते. रस्ता जेथे संपतो तेथे केवळ तो संपतो म्हणून जाणे मला पटले नाही. परंतु स्ट्रॅथगॉर्डन मी खोडलेले नाही, जरी ते होबार्टपासून अडीच तासांवर आहे आणि त्याच रस्त्याने परत यावे लागते. प्रवासावर लिहिणारी मंडळी त्याला सहसा वगळतात. पण कोयनेवर हयात घालविलेल्या माणसाला गॉर्डनचे धरण न दाखविता परत पाठविणे मला शक्य नाही. कोयनेची भिंत १०३ मीटर उंच आणि स्वतःच्या वजनावर उभी. गॉर्डनची १४० मीटर उंच, आडवी आणि उभी अशी दोन्ही दिशांनी वाकलेली काँक्रीटची पातळ कमान, जी पाण्याचा दाब दोन्ही बाजूंच्या कातळात सोडून देते. ती १९७४ मध्ये पूर्ण झाली. वीजगृह कोयनेच्या पोफळीतील वीजगृहाप्रमाणे जमिनीच्या पोटात, १८३ मीटर खोल आहे. धरणाच्या माथ्यावर जायला बऱ्याच पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात, तेव्हा तुमच्या गुडघ्यांशी आधी बोलून घ्या.

त्या रस्त्यावरून दुसरे एक पाणी दिसते, पेडर तलावाचे. मूळचा पेडर तलाव लहान होता आणि त्याच्या एका काठाला गुलाबी गारगोटीच्या वाळूचा रुंद किनारा होता. उन्हाळ्यात त्यावर छोटी विमाने उतरत. १९७२ मध्ये याच योजनेच्या जोडधरणांनी तो बुडाला. तो वाचविण्याची धडपड हरली, पण त्या वर्षी मार्चमध्ये त्यातून जो राजकीय पक्ष निघाला तो जगातील पहिला हरित पक्ष मानला जातो, आणि फ्रँकलिनच्या वेळी हीच हार लोकांच्या मनात होती. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांविषयी तुम्ही फार थोडे बोलत असता. बोललात की 'वीज हवी होती ना' असे म्हणून थांबता. मी त्यावर तुमच्याशी वाद घालण्यासाठी तुम्हाला तेथे नेत नाही. पण तेथे उभे राहून तुम्हाला काय वाटते ते मला ऐकायचे आहे, आणि त्यासाठी सबंध दिवस द्यायला मी तयार आहे. आईसाठी त्याच वाटेवर माउंट फील्ड आहे. तेथे रसेल धबधब्यापर्यंतची वाट अगदी सपाट आहे आणि ती जगातील सर्वांत उंच सपुष्प वृक्षांत गणल्या जाणाऱ्या स्वॅम्प गमच्या सावलीतून जाते. यातला टास्मानियातील सर्वांत उंच वृक्ष शंभर मीटरांच्या घरात आहे.

पोर्ट आर्थरचा निर्णय मी तुमच्यावर सोपविते. १८३० ते १८७७ पर्यंत चाललेला तो तुरुंग होबार्टपासून दीड तासावर आहे. त्यातील एकांत कारागृहात कैद्यांना फटक्यांऐवजी शांततेने शिक्षा करीत. बोलणे बंद, चेहरा झाकलेला, प्रार्थनेलाही प्रत्येकास वेगळा खण. २८ एप्रिल १९९६ रोजी त्याच आवारात आणि आसपास एका माणसाने गोळीबार करून पस्तीस जणांना मारले आणि त्यानंतर काही महिन्यांतच ऑस्ट्रेलियाने बंदुकांचे कायदे कडक केले. जागा पाहण्यासारखी आहे, सुंदरही आहे, पण आईला ती सोसेल का याची मला शंका आहे. नसेल तर रिचमंडला जाऊ. तेथे कैद्यांनीच १८२५ मध्ये पूर्ण केलेला दगडी पूल आहे, जो ऑस्ट्रेलियात आजही वापरात असलेला सर्वांत जुना पूल आहे, आणि त्याच्याखाली बदके असतात.

पूर्व किनाऱ्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तेथे करण्यासारखे फार नाही आणि तेच त्याचे सुख आहे. कोल्स बेला राहू. वाइनग्लास बे वरून पाहण्यासाठी बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. ज्यांना जमेल ते जातील. आईसाठी केप टूर्व्हिलच्या दीपगृहाची वीस मिनिटांची फळ्यांची वाट आहे, आणि समुद्र तेथूनही तेवढाच दिसतो. बिशेनोला संध्याकाळी लहान पेंग्विन समुद्रातून घरट्यांकडे परततात. त्या रात्री मुक्काम तेथेच ठेवला आहे, म्हणजे गाडीच्या नियमाला बाध येत नाही. पुढे बे ऑफ फायर्स, जेथे खडकांवर भगव्या रंगाचे दगडफूल पसरलेले असते. नाव मात्र त्यावरून पडलेले नाही: १७७३ मध्ये समुद्रातून जाताना टोबायस फर्नो या इंग्रज दर्यावर्द्याला किनाऱ्यावर मूळ रहिवाशांच्या शेकोट्या दिसल्या होत्या. नंतर लॉन्सेस्टनवरून डेव्हनपोर्ट आणि जहाज.

राहण्यासाठी सर्वत्र स्वयंपाकघर असलेली घरे पाहत आहे, कारण लहान गावांतील खाणावळी रात्री आठालाच चूल विझवितात आणि शाकाहाराचा अर्थ तेथे बऱ्याचदा बटाट्यापाशी संपतो. उद्यानांसाठी गाडीचा दोन महिन्यांचा एकच पास मिळतो, तो मी काढीन.

बाबा, गाडी चालविण्याची तुमची इच्छा मी विसरलेले नाही. येथेही रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालवितात, आणि पर्यटकाला भारतातील परवाना चालतो. तरी रत्नागिरीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा. गावात ५० आणि मोकळ्या डांबरी रस्त्यावर १०० किलोमीटर ही साधारण मर्यादा असते, कच्च्या रस्त्यावर ८०, आणि ती खरोखर पाळतात. पूर्व किनाऱ्यावरचा कोल्स बे ते सेंट हेलेन्स हा टप्पा तुमचा. हॉर्न वाजवायचा नाही ही एकच अट आहे. मागे गाड्यांची रांग लागली तर बाजूला घेऊन त्यांना पुढे जाऊ द्यायचे, आणि लाकडे वाहणारा ट्रक दिसला तर नक्कीच.

आता मला तुमच्याकडून दोन गोष्टी लवकर हव्यात. जहाजाच्या खोल्या मार्चसाठी झपाट्याने भरतात, तेव्हा तुमच्या विमानाची तारीख नक्की झाली की त्याच दिवशी कळवा. आणि स्ट्रॉनच्या दुसऱ्या दिवशी नावेने गॉर्डनवर जायचे, की क्वीन्सटाउनहून निघणाऱ्या दातेरी रुळांच्या जुन्या आगगाडीत बसायचे, हे दोघांनी मिळून ठरवा. दोन्ही एका दिवसात बसत नाही. माझे मत नावेला आहे. ओमचे आगगाडीला आहे, आणि तो आजीला स्वतंत्र पत्र लिहिणार आहे असे समजते.

आईने रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणाव्यात. दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. अनिकेतचा तुम्हा दोघांना नमस्कार.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
मृणाल